काम सोडण्याचे सात शब्द

बोल्हेगावच्या आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होते, पण वेळ आम्हाला नागापूरच्या एमआयडीसीतून ऐकू येत असे. पहिल्या पाळीचा भोंगा वाजला की आई उठे आणि तो विरेपर्यंत चहाचे आधण चढलेले असे. मग दारातला आबांचा टेम्पो दोनदा खोकून तिसऱ्यांदा सुरू होई, आणि आबा, म्हणजे माझे वडील, त्याला आणि मला एकाच दमात हाक मारत, "उठा आता!" आमच्या मागच्या बाजूला पत्र्याचे सुटे भाग ठोकणारा एक कारखाना होता. त्याच्या प्रेसचे ठोके जमिनीतून येत आणि फडताळात उभी केलेली ताटे एकमेकांना लागून बारीक किणकिणत राहत. पाहुण्यांना तो आवाज खुपे. आम्हाला मात्र रविवारी तो थांबला की घरात काहीतरी कमी आहे असे वाटे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत माझे टेबल. त्या टेबलावर मी विज्ञान शाखेची तीन वर्षे काढली, आणि त्याच टेबलावर मी माझ्या आयुष्यातली सर्वांत सुबक आणि सर्वांत चुकीची चार वाक्ये लिहिली.

रविवारी आई शेंगोळे करी. पारनेर तालुक्यातल्या तिच्या माहेरची ती सवय. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची आणि जिऱ्याचे वाटण घालून ते घट्ट मळायचे, हातावर वळून त्याच्या बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि उकळत्या फोडणीत सोडायच्या. इतर घरांत शेंगोळे लहान-मोठे असत. आईच्या ताटातले सगळे एकाच मापाचे. एखादा जाड झाला तर ती तो मोडून पुन्हा पिठात मिसळी. आबा म्हणत, "अगं, पोटात गेल्यावर कोन मोजतंय?" त्यावर ती मान वर न करता म्हणे, "जाड ऱ्हायला तर मधी कच्चा ऱ्हातो." कालवणासोबत बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा. आजही हुलगे शिजण्याचा वास आला की मला आधी पितळ आठवते आणि मग जेवण, कारण आईच्या तळहाताला कितीही धुतले तरी पितळेचा मंद, आंबूस वास राहत असे.

आई सातवी शिकलेली होती आणि गॅसच्या शेगड्यांना लागणारे पितळी जोड बनवणाऱ्या एका कारखान्यात अखेरच्या तपासणीच्या बाकावर काम करत होती. तिचे हत्यार म्हणजे बोटभर लांबीची एक पोलादी कांडी, दोन्ही टोके आरशासारखी घासलेली. कारखान्यात तिला 'गो-नोगो' म्हणत. जोडाच्या भोकात एक टोक सहज गेले पाहिजे. दुसरे टोक, ज्याच्याजवळ लाल पट्टा असे, ते जाता कामा नये. पहिले गेले नाही तर भोक लहान, दुसरे गेले तर भोक मोठे. दोन्ही प्रकारचा माल लाल पेटीत. नुसते एक टोक लावून काम उरकणाऱ्या बायका होत्या. आई प्रत्येक नग दोन्ही टोकांनी तपासे. "सैल जोड कुनाच्या तरी सैपाकघरात जानार," एवढेच ती म्हणे. पेटी भरली की तिच्यावर पुठ्ठ्याचा टॅग लागे, टॅगवर आईच्या सतरा क्रमांकाचा गोल शिक्का पडे, आणि शिक्क्याशेजारी ती पेनाने एक बारीक 'कु' काढी. कुसुममधला. हा 'कु' कोणी सांगितलेला नव्हता. शिक्का कारखान्याचा, संध्याकाळी तो साहेबांच्या खणात जायचा. 'कु' तिचा होता. आबांची यावरून कायम थट्टा चाले. "तुझ्या आयनं मला बी दोनी टोकांनी तपासून घेतलंय," ते मला सांगत. "पंचवीस वर्सं झाली, अजून शिक्का काय मारला न्हाई."

मी त्या घरातली महत्त्वाकांक्षी व्यक्ती होते, आणि ते मी लपवत नसे. रसायनशास्त्रात पदवी, मग पुण्याला पदव्युत्तर शिक्षण, मग एखादी मोठी प्रयोगशाळा: माझ्या मनात हा क्रम समीकरणासारखा मांडलेला होता. महाविद्यालयात इंग्रजीतून शिकत असल्यामुळे गल्लीतले सगळे अर्ज माझ्याकडे येत. रजेचे, बदलीचे, वीजमीटरचे. मी एक वही ठेवली होती आणि तिच्यात प्रकारानुसार नमुने लिहिले होते. माणसे बोलू लागली की त्यांच्या लांबलचक हकिकतीतून नेमके वाक्य काढणे मला आवडे. आता विचार करते तेव्हा जाणवते की मी त्यांचे ऐकत नव्हते. त्यांची हकिकत कोणत्या नमुन्यात बसेल हे बघत होते.

माझ्या अखेरच्या वर्षी, प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेली असताना, आई एका संध्याकाळी जेवणाचा डबा तसाच भरलेला घेऊन घरी आली. तिने तो ओट्यावर ठेवला, हात धुतले, पुन्हा धुतले आणि मग पाटावर बसून आम्हाला सांगितले. महिनाभरापूर्वी तिने मोठ्या भोकांची एक पूर्ण खेप लाल पेटीत टाकली होती. त्यानंतर दोन दिवस ती तिच्या वारलेल्या मावशीच्या जलदानविधीसाठी गावी गेली. परत आली तेव्हा लाल पेटी रिकामी होती; माल वितळायला गेला असेल असे तिने धरले. आता ती खेप गिऱ्हाइकाकडून परत आली होती. टॅग तिला लांबूनच दाखवला होता; त्यावर सतरा क्रमांकाचा शिक्का होता आणि तारीख ती हजर होती त्या दिवसाची.

"मंग सांगायचं की तू, मी गावाला गेल्ते म्हनून," आबा म्हणाले.

"सांगितलं. गाडेकर सायेब म्हनले, तारीख बघा, तुमी इथंच हुता. म्हनले, चौकशी लावली तर सगळ्या लाइनीची लागंल, लताबाईची बी. आन् काढून टाकल्याचा कागद हातात पडला तर एमआयडीसीत एक बी गेट उघडायचं न्हाई. त्यापरीस आपन हून लिवून द्या. दाखला चांगला देतो."

गाडेकर हे तिचे पर्यवेक्षक. शिक्क्यांच्या खणाची चावी त्यांच्याकडे असे. लतामावशी म्हणजे शेजारच्या बाकावरची बाई, तीन लेकरांची एकटी आई. आई माझ्याकडे वळली. "प्रज्ञा, तू लिव. विंग्रजीत पायजे म्हनं, वरच्या हापिसात जातंय. उद्यापासून येत न्हाई, यवढंच लिव. ज्यास्त काय लिवू नको."

यातले शेवटचे वाक्य मी ऐकले, पण ते मला सूचना वाटले नाही. सातवी शिकलेल्या बाईचा संकोच वाटला.

मी कामाला लागले. खरे सांगायचे तर मला त्यात रस आला. प्रयोगवहीच्या मागच्या पानावर मी तक्ता आखला. डावीकडे काम सोडण्याचे इंग्रजी शब्द, पुढे रकाने: कोण वापरते, स्वेच्छा आहे का, मान किती. लीव्ह हा शब्द पहिल्याच फेरीत बाद झाला, कारण तो कुणीही कशासाठीही वापरतो. त्याला वजन नव्हते. क्विटमध्ये दार आपटल्याचा आवाज होता. रिटायरला वय लागते, शाल-श्रीफळ लागते, आणि आई तर पंचेचाळीसची होती. स्टेप डाउन हा शब्द ज्यांच्या खुर्चीला पायऱ्या असतात त्यांचा. बाकड्यावरून उतरून माणूस जाणार कुठे? रिलिंक्विश मला फार आवडला होता, लांब आणि भारदस्त, पण तो हक्क सोडताना वापरतात असे शब्दकोशात होते, आणि आईकडे कोणता हक्क होता हे मला लिहिता येईना. विथड्रॉचा अर्थ मागे घेणे. त्याचा येथे संबंध नाही असा शेरा मी मारला. उरला रिझाइन. स्वच्छ, सरळ, कागदावर शोभणारा. पण तोही एकटा मला उघडा वाटला. वर्तमानपत्रात मोठ्या माणसांच्या राजीनाम्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. त्यात ते लोक नेहमी नैतिक जबाबदारी स्वीकारून पद सोडत, आणि सोडताना उलट उंच दिसत. माझ्या आईलाही तीच उंची मिळावी असे मला वाटले. मी लिहिले की अलीकडच्या घटनेची नैतिक जबाबदारी स्वीकारून आणि कौटुंबिक कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे. इंग्रजीत ते वाक्य फारच डौलदार झाले. मी ते दोनदा मोठ्याने वाचले.

आईने कागद हातात घेतला. "काय लिवलंस?"

"तू सांगितलंस तेच. फक्त जरा व्यवस्थित."

तिने टेबलाच्या कडेवर कागद टेकवून मराठीत 'कुसुम' अशी पूर्ण सही केली. त्या वेळी माझ्या मनात पुढच्या सोमवारची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि हे प्रकरण त्यापूर्वी मिटावे एवढीच घाई होती. हेही लिहून ठेवायला हवे, कारण या प्रकरणात प्रेमाइतकाच घाईचा वाटा होता.

शुक्रवारी पत्र गेले. संध्याकाळी आईने सांगितले, "हापिसातल्या म्याडम म्हनल्या, पोरीचं विंग्रजी लई भारी हाय." मला आनंद झाला. तो आनंद मला आजही स्पष्ट आठवतो, आणि त्याचे काय करावे ते अजून कळलेले नाही.

शनिवारी संध्याकाळी लतामावशी आली. ती नेहमी पडवीतूनच हसत येई; त्या दिवशी तिने चपला काढल्या आणि उंबऱ्यातच उभी राहिली. "कुसुम, तू असं कसं लिवून दिलंस गं? सकाळी गाडेकरनं समद्या लाइनीला हुबं केलं आन् तुझं पत्र वाचलं. म्हनला, सतरा नंबरनं चूक कबूल केली, तिचीच जबाबदारी हाय आसं तिनं सोता लिवलंय. आता कुनाला काय इचारायचं ऱ्हायलं न्हाई."

आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "मी आसं लिवलंच न्हाई."

"सही तुझी हाय."

"सही माझी हाय," आई म्हणाली आणि माझ्याकडे पाहिले. ती ओरडली असती तर मला सोपे गेले असते. तिने फक्त विचारले, "प्रज्ञा, मराठीत सांग. एकेक शबूद."

मी सांगितले. नैतिक जबाबदारीपाशी पोचल्यावर माझा आवाज मला परका वाटू लागला. मराठीत त्या वाक्यात डौल उरला नव्हता. उरले ते इतकेच, की हे माझ्यामुळे झाले. मंत्री तसे म्हणतात तेव्हा चूक दुसऱ्याचीच आहे हे सगळ्यांना माहीत असते, म्हणूनच ते उंच दिसतात. बाकावरची बाई म्हणते तेव्हा लोक ते खरे धरतात. हे मला तेव्हा, भाजीच्या देठांकडे बघताना कळले. लतामावशीने जाताना आणखी एक गोष्ट सांगितली. तिचा भाऊ दुसऱ्या कारखान्यात कामगार संघटनेत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वरच्या साहेबांची मंजुरी होईपर्यंत पत्र परत घेता येते, आणि मंजुरीची सही सोमवारी होणार होती.

रविवारी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे विहारात गेलो. पंचशील म्हणताना आई माझ्या शेजारी बसलेली होती. पहिली तीन शीले तिने सगळ्यांच्या आवाजात म्हटली. चौथ्याला, खोटे न बोलण्याच्या, ती थांबली. पाचव्याला तिचा आवाज पुन्हा आला. शेजारच्या बायकांच्या ते लक्षातही आले नसेल. मी मात्र ती रिकामी जागा ऐकली, रविवारी थांबलेल्या प्रेसच्या ठोक्यासारखी.

घरी येऊन तिने हुलग्याचे पीठ मळायला घेतले आणि मला म्हणाली, "वही आन. तुझे ते समदे शबूद आन."

मी तक्ता उघडून तिच्यासमोर बसले. आबा दारात टायरला हवा भरत होते, पण कान आत होते. आईने पिठाचा हात वर केला, दोन बोटे दोन बाजूंना ताणली आणि म्हणाली, "हे एक टोक. जे झालं ते ह्याच्यात गेलं पायजे. हे दुसरं. जे झालंच न्हाई ते जाता कामा न्हाई. आता वाच."

"रिझाइन. म्हणजे आपल्या मनाने काम सोडणे."

"मनानं सोडलं का मी?"

"नाही."

"लाल पेटीत टाक. म्होरं."

"क्विट. म्हणजे एकदम सोडून देणे. रागाने, वैतागाने."

"राग तर मला काल आला. त्या दिवशी भ्या वाटलं हुतं. टाक."

"रिटायर."

"आरं वा," आबा बाहेरून म्हणाले, "म्हंजी आता कुसुमबाईचा सत्कार. मी हार आनतो, टेम्पोचा कालच काढून ठिवलाय."

आई हसली नाही, पण वळी वळताना तिचा अंगठा क्षणभर थांबला. मी रिलिंक्विश सांगितला, हक्क सोडणे. तिने विचारले, "हक्क सोडला का?" मी म्हटले, "नाही, पण तुझा हक्क कोणता ते मला तेव्हा लिहिता आलं नाही." ती म्हणाली, "चौदा वर्सं एक बी सैल नग माझ्या हातनं गेला न्हाई, ह्यो. टाक." लीव्ह गेला, स्टेप डाउन गेला. आबांनी पंप बाजूला ठेवला आणि दारात डोके घालून विचारले, "काय गं प्रज्ञा, काम सोडायला विंग्रजीत यवढे शबूद, आन् काम लागायला किती?" मी शेवटची ओळ वाचली, जिच्यापुढे मीच 'संबंध नाही' असा शेरा मारला होता.

"विथड्रॉ. दिलेलं परत घेणे."

आई वळायची थांबली. "पत्र दिलं, व्हय?"

"हो."

"परत घ्यायचंय, व्हय?"

"हो."

"ज्यादाचं काय सांगतंय का त्यो शबूद? चूक केली, माफी मागते, आसं काय?"

"नाही. परत घेते, एवढंच."

"मंग दोनी टोकं बसत्यात. लिव."

पत्र पाच ओळींचे झाले. माझे शुक्रवारचे पत्र मी परत घेत आहे. त्यातील मजकूर मला वाचून दाखवलेला नव्हता. त्या खेपेवरील शिक्का माझ्या क्रमांकाचा आहे, पण तो मी मारलेला नाही. मी पास केलेल्या प्रत्येक टॅगवर माझ्या अक्षरात खूण असते, ती तपासावी. मी कामावर येत आहे. प्रत्येक ओळ मी इंग्रजीत लिहायची, मराठीत सांगायची, आई दोन्ही बोटे ताणून तिचा विचार करायची आणि मग मान हलवायची. दुसऱ्या ओळीवर मी अडले. "आई, यात माझं नाव येतं. मी तुला वाचून दाखवलं नाही, असा अर्थ होतो."

"झालं का तसं?"

"झालं."

"मंग लिव. आन् मी न वाचता सही केली ते बी त्याच्यातच आलं. माझी बी चूक हाय ती. कुनाचा बी नग आसू दे, लेकीचा आसला तरी तपासायचा आसतो." मग तिने शेंगोळे फोडणीत सोडले. त्या दिवशी ती त्यांत मीठ घालायला विसरली होती आणि आम्ही तिघांनी ते तसेच खाल्ले.

सोमवारी माझी परीक्षा अकरा वाजता नगरमध्ये होती. साडेआठला मी आईबरोबर कारखान्याच्या कार्यालयात उभी होते, पांढरा कोट पिशवीत घडी करून. ज्यांनी माझ्या इंग्रजीचे कौतुक केले होते त्या मॅडम टेबलामागे होत्या. त्यांनी पाच ओळी वाचल्या आणि गाडेकरांना बोलावले.

"असं होत नसतं, ताई," गाडेकर म्हणाले. "राजीनामा म्हणजे काय भाजी आहे का, आवडली नाही म्हणून परत केली?"

आईने माझ्याकडे पाहिले. मजकूर वाचून न दाखवल्याची ती दुसरी ओळ माझी होती. "मॅडम, त्या पत्रातली भाषा माझी आहे," मी म्हणाले. "आईने फक्त उद्यापासून येत नाही एवढंच लिहायला सांगितलं होतं. नैतिक जबाबदारी मी घातली. बातम्यांत वाचलेली होती. तिचा मान राहील असं वाटलं."

गाडेकर हसले. "म्हणजे पोरीनं काहीही लिहिलं आणि ह्यांनी न बघता सही ठोकली! ऐकलंत मॅडम? मग त्या पेटीवर पण असाच न बघता शिक्का मारला असणार. वेगळं काय म्हणतोय मी?"

तर्काच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनतोड होते, आणि ते हत्यार मीच त्यांच्या हातात दिले होते.

आई मात्र सावकाश बोलली, बाकावर नग उचलते तशी. "व्हय सायेब. लेकीच्या कागदावर मी न बगता सही केली. चुकलंच माझं. पन तिथं सही माझी हाय, ती मी नाकारत न्हाई. आता त्यो टॅग आना. त्याच्यावर माझा 'कु' दाखवा. दिसला तर मी आत्ता जाते, पत्र बी ठिवा."

गाडेकर म्हणाले, "कसला कु?" मॅडमनी मात्र फाइल मागवली. त्या सदोष खेपेचा टॅग वर निघाला: शिक्का ठसठशीत, शेजारची जागा कोरी. मग त्यांनी त्या महिन्यातले आईचे बाकीचे टॅग टेबलावर मांडले. प्रत्येकावर शिक्क्याच्या उजवीकडे, थोडा खाली, तोच बारीक 'कु'. बाहेर यंत्रे सुरू झाली होती आणि टेबलावरच्या ग्लासातले पाणी थरथरत होते. मॅडमनी आमच्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही करून दिली आणि आईला म्हणाल्या, "बाकावर जा, कुसुमताई."

मी परीक्षेला दहा मिनिटे आधी पोचले. त्या दिवशी ब्युरेटचे प्रत्येक वाचन मी दोनदा घेतले.

कारखान्याने आईची क्षमा मागितली नाही, आणि काय झाले होते हे कुठल्याही कागदावर कधी आले नाही. महिन्याभरात गाडेकर दुसऱ्या शाखेत गेले. शिक्क्यांचा खण काढून प्रत्येकीला स्वतःच्या कुलपाची पेटी मिळाली. शनिवारी ज्या लाइनीला माझे पत्र ऐकवले गेले होते, तिला दुसरे पत्र कोणी वाचून दाखवले नाही. लतामावशीने ते जेवणाच्या सुट्टीत तोंडी सांगितले, आणि तिच्या पद्धतीने थोडा मीठमसाला लावून. आई त्यानंतर आणखी कित्येक वर्षे त्याच बाकावर बसली. मी पुण्याला गेले, शिकले, आणि आता एका प्रयोगशाळेत इतरांनी केलेल्या चाचण्यांच्या अहवालांवर सही करते. माझ्या हाताखालच्या मुली म्हणतात की मॅडम एका विशेषणासाठी अख्खा अहवाल परत पाठवतात. ते खरे आहे. 'समाधानकारक' हा शब्द मी आजवर कुणालाही लिहू दिलेला नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी घरी गेले तेव्हा आईने मला पडवीतल्या त्याच टेबलाशी बसवले आणि वहीचा एक कागद पुढे केला. अक्षर तिचे, सावकाश काढलेले. त्यात लिहिले होते: माझ्या डोळ्यांना आता बारीक भोक नीट दिसत नाही. डॉक्टरांनीही तसे सांगितले आहे. चष्मा बदलून पाहिला. म्हणून उद्यापासून मी तपासणीला येणार नाही. खाली पूर्ण सही.

मी ते वाचले. चूक काढायची सवय असूनही मला एक अक्षर हलवावेसे वाटले नाही. "इंग्रजीत करून देऊ का?" मी विचारले.

"नगं. तपास आदी."

मी दोन्ही टोकांनी तपासले. जे झाले होते ते त्यात होते. जे झाले नव्हते ते नव्हते. दुःख नव्हते, उपकार नव्हते, चौदा आणि नंतरच्या वर्षांचा हिशेबही नव्हता. मी मान हलवली.

"मंग खूण काड की," आई म्हणाली आणि पेन माझ्याकडे सरकवले. "म्या लिवलं, तू तपासलं. तुझी खूण नगं का?"

मी तिच्या सहीच्या उजवीकडे, थोडा खाली, बारीक 'प्र' काढला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत कार्यालयात गेले, पण या वेळी दाराशीच थांबले. तिथे आता नवे अधिकारी होते. त्यांनी पत्र वाचले, संगणकात पाहिले आणि नम्रपणे म्हणाले, "कुसुमताई, इथे यादीतला एक पर्याय निवडावा लागतो. रेझिग्नेशन टाकू की रिटायरमेंट?"

"तुमच्या यादीत काय हाय ते तुमी बगा," आई म्हणाली. "माझं त्या कागदावर हाय."

त्यांनी कागद पुन्हा जवळ घेतला. "आणि ही कोपऱ्यातली खूण कुणाची?"

आईने वळून दाराकडे पाहिले. "तपासनारीची," ती म्हणाली.